मतं चालतात, मग उमेदवार का चालत नाही?

२०२४ च्या लोकसभेतला धुळ्याचा निकाल आठवा. सहा विधानसभा मतदारसंघ, त्यातल्या पाच ठिकाणी भाजपचे सुभाष भामरे पुढे, आणि सहाव्या ठिकाणी म्हणजे मालेगाव मध्यमध्ये काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना जवळपास १ लाख ९४ हजारांची आघाडी. शेवटी बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. त्यानंतर मालेगावबद्दल काय काय बोललं गेलं ते सगळ्यांना माहितीये, एकगठ्ठा मतदान काय, व्होट जिहाद काय. पण मालेगावच्या मुसलमानांनी ज्यांना मतं दिली त्या बाई मुसलमान नाहीत, मालेगावच्याही नाहीत, त्या नाशिकच्या माजी महापौर आहेत. भाजप नको म्हणून दिलेलं ते मत होतं, राजकीय मत होतं, आणि असं मत द्यायचा हक्क या देशात प्रत्येकाला आहे, तरी हाच समाज धर्म बघून मतदान करतो असं म्हणून आपण मोकळे झालो.

आता त्याच निवडणुकीची दुसरी बाजू बघा. महाराष्ट्रात ४८ जागा, आणि महाविकास आघाडीने म्हणजे काँग्रेस, उद्धव ठाकरेंची शिवसेना आणि शरद पवारांची राष्ट्रवादी या तिघांनी मिळून एकाही मुसलमानाला तिकीट दिलं नाही. एकालाही नाही. काँग्रेसचे नसीम खान यावर जाहीरपणे नाराज झाले, प्रचार करणार नाही म्हणाले, दोन-चार दिवस बातम्या चालल्या आणि विषय संपला. आघाडीच्या ३० जागा आल्या, त्यातल्या कितीतरी जागांवर मुस्लिम मतदार रांगा लावून उभे होते हे सगळे नेते मान्य करतात, भाषणात आभारही मानतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात साडेअकरा टक्के मुसलमान आहेत, म्हणजे सव्वा कोटीच्या वर माणसं, आणि त्यांच्यातला एकही माणूस आज महाराष्ट्रातून लोकसभेत नाही. साडेअकरा टक्के म्हणजे साडेपाच खासदार असला हिशोब मी मांडत नाहीये, लोकशाही अशी टक्केवारीवर चालत नाही आणि चालूही नये. पण शून्य हा आकडा योगायोगाने येत नाही, तो यादी करताना कुणीतरी बसून ठरवलेला असतो.

देशपातळीवर पण हेच चित्र आहे. २०२४ ला लोकसभेत २४ मुस्लिम खासदार निवडून आले, ५४३ पैकी, म्हणजे साडेचार टक्क्यांच्याही खाली, आणि लोकसंख्या १४ टक्क्यांच्या वर. सगळ्यात जास्त होते ते १९८० ला, ४९, आणि तेही लोकसंख्येच्या मानाने कमीच होते. तिकिटंच कमी होत चाललीयेत हे त्याचं सरळ कारण आहे. प्रमुख पक्षांनी २०१९ ला ११५ मुस्लिम उमेदवार दिले होते, २०२४ ला ७८. गुजरातमध्ये १९८४ ला अहमद पटेल भरूचमधून निवडून आले त्यानंतर आजतागायत तिथून एकही मुस्लिम लोकसभेत गेलेला नाही, चाळीस वर्षं झाली. २०१४ ला उत्तर प्रदेशातल्या ८० च्या ८० जागांवर एकही मुस्लिम निवडून आला नाही, जिथे दर पाच माणसांत जवळपास एक मुसलमान आहे.

भाजपने २०२४ ला एक मुस्लिम उमेदवार दिला, केरळमधल्या मलप्पुरमला, जिथे पक्षाला जिंकायची कसलीच शक्यता नव्हती. आज लोकसभेत सत्ताधारी आघाडीच्या बाकांवर एकही मुस्लिम खासदार नाही, आणि जुलै २०२२ मध्ये मुख्तार अब्बास नक्वी बाहेर पडले तेव्हापासून केंद्रीय मंत्रिमंडळात एकही मुस्लिम मंत्री नाही. हे चुकीचं आहे, देश चालवणाऱ्या पक्षाने २० कोटींच्या आसपासच्या समाजाला असं बाजूला ठेवणं मला अजिबात मान्य नाही. पण भाजप निदान त्यांची मतं मागत नाही. मला जास्त त्रास होतो तो जे मतं मागतात त्यांचा, कारण विश्वास त्यांच्यावर ठेवलेला आहे आणि तोडतायत पण तेच.

हा विश्वासाचा मुद्दा आजचा नाहीये, तो थेट संविधान सभेपर्यंत जातो, आणि तो इतिहास माहीत असल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही असं मला वाटतं.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले, म्हणजे त्यांच्या जागांवर उमेदवारही मुसलमान आणि मतदारही फक्त मुसलमान. १९१६ च्या लखनौ करारात काँग्रेसनेही ते मान्य केलं, आणि त्या करारामागे लोकमान्य टिळक होते हे आपल्याकडे फार जण विसरतात. पुढे त्या पद्धतीने काय केलं ते सगळ्या उपखंडाने भोगलं. उमेदवाराला दुसऱ्या धर्माच्या एकाही माणसाकडे मत मागायला जायचं नसेल तर तो सगळ्यांना घेऊन चालेलच कशाला, जो जास्त कडक बोलेल तो जिंकेल. फाळणीला हे एकटं कारण नव्हतं, पण मोठं कारण होतं.

संविधान सभेत सुरुवातीला, ऑगस्ट १९४७ मध्ये, असं ठरलं होतं की स्वतंत्र मतदारसंघ बंद, पण अल्पसंख्याकांसाठी काही जागा राखीव, मतदान मात्र सगळ्यांनी मिळून करायचं. मग मे १९४९ मध्ये सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालच्या सल्लागार समितीने धर्माच्या आधारावर राखीव जागाही नकोत असं ठरवलं आणि सभेने ते मंजूर केलं. मद्रासचे मोहम्मद इस्माईल यांच्यासारख्यांनी कडाडून विरोध केला. पण बेगम ऐझाज रसूल ठामपणे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की हे आरक्षण म्हणजे स्वतःचाच घात करणारं हत्यार आहे, त्याने अल्पसंख्याक कायमचे बहुसंख्याकांपासून तुटतील. कल्पना करा, फाळणी होऊन दोन वर्षं पण झाली नव्हती, दंगलींच्या जखमा ओल्या होत्या, आणि एक मुस्लिम बाई सभागृहात उभी राहून हातातलं संरक्षण सोडा म्हणतेय. केवढी हिंमत लागली असेल त्याला.

पण त्या निर्णयाला दुसरी बाजू पण होती, आणि ती पटेलांनीच त्याच चर्चेत मांडली होती. अल्पसंख्याकांनी बहुसंख्याकांच्या शहाणपणावर आणि न्यायबुद्धीवर विश्वास ठेवावा हे ते म्हणालेच, पण त्याबरोबर हेही म्हणाले की आपण जे बहुसंख्य आहोत त्यांनी अल्पसंख्याकांना काय वाटतं याचा विचार केला पाहिजे, त्यांच्या जागी आपण असतो आणि आपल्याला असं वागवलं असतं तर आपल्याला कसं वाटलं असतं याचा विचार केला पाहिजे. म्हणजे तो दोन्ही बाजूंनी दिलेला शब्द होता. एका बाजूने राखीव जागा सोडल्या. दुसऱ्या बाजूने काय द्यायचं होतं तर खुल्या मैदानात बरोबरीची संधी, तुमचा माणूस चांगला असेल तर आम्ही त्याला आमचा खासदार म्हणून निवडू हा भरवसा. पहिल्या बाजूने शब्द पाळला. मालेगावने पाळला, सगळ्या देशात मुसलमान पिढ्यानपिढ्या हिंदू उमेदवारांना मत देत आलेत, त्यांच्यासाठी त्यात काही विशेष नाही. उलट दिशेला काय झालं ते वरच्या आकड्यांत दिसतं.

इथे लगेच काही जण म्हणतील मग आता आरक्षण द्या, मुस्लिम जागा राखीव करा. मी त्या बाजूचा नाही, आणि याचं कारण शेजारी बघितलं की कळतं. पाकिस्तानात झिया-उल-हक यांच्या काळात, १९८५ पासून, बिगरमुस्लिमांना स्वतंत्र मतदारसंघ दिले गेले. ऐकायला बरं वाटतं, पण त्यातून झालं असं की तिथल्या हिंदू आणि ख्रिश्चन मतदारांना स्थानिक आमदार-खासदार विचारेनासा झाला, कारण याचं मत त्याला मिळणारच नाही, मग याच्या वस्तीत रस्ता झाला काय आणि नाही झाला काय. २००२ ला ती पद्धत बंद झाली. आता तिथे राष्ट्रीय असेंब्लीत बिगरमुस्लिमांसाठी १० राखीव जागा आहेत पण त्या पक्षांच्या याद्यांमधून भरल्या जातात, म्हणजे तो सदस्य लोकांना नाही तर पक्षाच्या मालकाला उत्तर देतो. आपल्याकडेही पुणे करारानंतर राखीव जागांवर निवडून येणारा माणूस नक्की कुणाचा असतो हा प्रश्न बाबासाहेबांनी उभा केलाच होता. दलितांच्या बाबतीत अस्पृश्यतेचा हजारो वर्षांचा अन्याय होता, त्याला राखीव जागांशिवाय उत्तर नव्हतं आणि आजही नाही, तो वेगळा विषय आहे. पण धर्माच्या नावाने जागा राखीव झाल्या की बाकीच्या पाचशे जागांवर पक्ष म्हणतील तुमचा कोटा तिकडे आहे, इकडे येऊ नका. आत्ता जे न बोलता चालतं ते मग नियमानेच चालेल.

म्हणून मला वाटतं सगळा प्रश्न एबी फॉर्मपाशी, म्हणजे पक्ष ज्या कागदावर अधिकृत उमेदवारी देतो त्याच्यापाशी, येऊन थांबतो. संविधानाने कुणालाही अडवलेलं नाही, कलम ३२५ प्रमाणे मतदार यादी एकच आहे, उमेदवारी सगळ्यांना खुली आहे. अडवणूक होते ती पक्षाच्या ऑफिसात, यादीवर शेवटचा हात फिरतो तिथे. आणि तिथे कारण एकच दिलं जातं, निवडून येण्याची क्षमता. साहेब माणूस चांगला आहे हो, पण निघणार नाही. हिंदू मतं त्याला पडणार नाहीत. ध्रुवीकरण होईल. समोरच्याला आयता मुद्दा मिळेल. सगळ्या पक्षांत हीच वाक्यं आहेत, अगदी शब्दाला शब्द.

आता हे खरं आहे का? थोडं खरं आहे, नाही कशाला म्हणू, काही मतदारसंघांत आजच्या वातावरणात ते खरंच अवघड आहे. पण ते सगळीकडे आणि कायमचं खरं आहे याला आपल्याच राज्याचा इतिहास साक्ष देत नाही. १९८० ला वाशिममधून कोण निवडून आलं होतं? गुलाम नबी आझाद. जम्मू-काश्मीरमधल्या डोडा भागातला तरुण, मराठीचा गंध नाही, विदर्भाशी काही संबंध नाही, आणि वाशिमच्या शेतकऱ्यांनी त्याला एकदा नाही तर १९८० आणि १९८४ असं दोनदा निवडून दिलं. इंदिरा गांधींची लाट होती, नंतर सहानुभूतीची लाट होती, कबूल. पण लाट असली तरी तिकीट आधी कुणीतरी द्यावं लागतं, आणि तेव्हा पक्षाला ते द्यायची भीती वाटली नाही. त्याच १९८० ला बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री झाले, कोकणातला मुसलमान माणूस, आजवरचे राज्याचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. त्यांच्या कारभाराबद्दल, सिमेंट प्रकरणाबद्दल काय बोलायचं ते बोला, पण पुढे रायगडकडच्या कुलाबा मतदारसंघातून त्यांना लोकांनी पुन्हा पुन्हा लोकसभेत पाठवलं, अगदी २००४ पर्यंत, आणि तो काही मुस्लिमबहुल मतदारसंघ नव्हता.

मुसलमानांच्या बाहेरचं उदाहरण हवं असेल तर जॉर्ज फर्नांडिस घ्या. मंगळूरच्या ख्रिश्चन घरातला माणूस, १९६७ ला दक्षिण मुंबईत स. का. पाटलांसारख्या मुंबईच्या अनभिषिक्त राजाला पाडतो, आणि १९७७ ला तुरुंगात असताना बिहारच्या मुझफ्फरपूरमधून तीन लाखांहून जास्त मतांनी येतो. मुझफ्फरपूरला ख्रिश्चन किती असतील? लोकांनी त्यांचा धर्म बघितला नाही, कामगारांसाठी लढणारा आणि आणीबाणीला भिडणारा माणूस बघितला.

आणि अगदी आजचं उदाहरण म्हणजे कागल. हसन मुश्रीफ १९९९ पासून तिथून सलग निवडून येतायत, सहा वेळा झालं. कागल म्हणजे शाहू महाराज ज्या घाटगे घराण्यात जन्मले त्या घराण्याचं गाव, मुस्लिम मतदार तिथे अगदी थोडे. मुश्रीफांचं राजकारण पटो न पटो, त्यांनी किती पक्ष आणि गट बदलले तो हिशोब वेगळा, पण ते तिथे का येतात हे कोल्हापूरकडच्या कुणालाही विचारा. गावागावात माणूस बांधलेला, सकाळी सकाळी दारात लोकांची गर्दी, हॉस्पिटलची कामं, जिल्हा बँक, साखर कारखाना. कागलच्या शेतकऱ्याला मत देताना मुश्रीफांचा धर्म आठवत नाही, ऊस आठवतो, बँकेचं कर्ज आठवतं, आजारी बापाला मुंबईला नेलं तेव्हा फोन कुणी केला ते आठवतं.

आणि मला वाटतं निवडून येण्याच्या क्षमतेचं खरं गुपित इथे आहे. महाराष्ट्रात ही क्षमता आकाशातून पडत नाही, ती सोसायटीत तयार होते, दूध संघात, बाजार समितीत, कारखान्यात, जिल्हा बँकेत, शिक्षण संस्थेत. आपला खासदार हा बहुतेक वेळा आधी कुठेतरी चेअरमन असतो. आणि या सगळ्या संस्थांमध्ये मुस्लिम माणूस किती आहे? संचालक मंडळांच्या याद्या काढून बघा कधी, बऱ्याच ठिकाणी एकही नाव सापडणार नाही. कारण सोपं आहे, राज्यातला मुसलमान जास्त करून शहरात, यंत्रमागावर, गॅरेजमध्ये, फळांच्या गाड्यावर, छोट्या धंद्यात. जमीन कमी, त्यामुळे ऊस कमी, त्यामुळे सभासदत्व कमी, त्यामुळे पॅनलमध्ये नाव नाही. तीस-चाळीस वर्षं ज्या शिडीवर त्याला पायच ठेवू दिला नाही त्या शिडीच्या वरच्या टोकाला उभं राहून त्याला सांगायचं की तुझ्यात निवडून यायची ताकद नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

मग पक्ष त्याला काय देतात? अल्पसंख्याक सेल. कुठल्याही तालुक्यात जा, कुठल्याही पक्षाचा बघा, एक माणूस असा सापडतोच जो पंचवीस वर्षं पक्षात आहे, सतरंज्या उचलण्यापासून सुरुवात केलेली, सभेला गाड्या भरून आणलेल्या, नेत्याच्या आजारपणात दवाखान्यात रात्री काढलेल्या, मराठी अस्खलित, गावातल्या प्रत्येक जातीच्या लग्नात आणि मयतीला हजर. त्याच्याबरोबर पक्षात आलेला मराठा किंवा ओबीसी पोरगा जिल्हा परिषद सदस्य झाला, सभापती झाला, आता विधानसभा मागतोय. आणि हा अजून अल्पसंख्याक सेलचा तालुकाध्यक्ष. रमजानमध्ये इफ्तार ठेवायची, ईदच्या शुभेच्छांचा बॅनर लावायचा, निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात मोहल्ल्यात बैठका घ्यायच्या. एरवी रस्त्याचा, पाण्याचा, पीकविम्याचा मोर्चा असेल तर त्याला माईक मिळत नाही, कारण तो त्याचा विषय नाही असं धरलं जातं. माझं म्हणणं आहे की हे सेल बंद करा. सरळ बंद करा. त्या माणसाला तालुक्याच्या मुख्य कार्यकारिणीत घ्या, पाणीप्रश्नाची जबाबदारी द्या, पंचायत समितीच्या गणातून उभं करा. लोकांना तो मुसलमानांचा नेता म्हणून माहीत असेल तर हिंदू मत त्याला पडणार नाही हे उघड आहे, आणि त्याला मुसलमानांचा नेता करून तर तुम्हीच ठेवलंय.

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाहीये. मुस्लिम खासदारच कशाला पाहिजे, काम करणारा पाहिजे, आणि १९८० ला ४९ होते तेव्हा त्यांनी समाजाचं काय भलं केलं? बरोबर आहे, २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुसलमानांच्या शिक्षणाची, नोकऱ्यांची जी अवस्था दिसली ती काही एका दिवसात झालेली नव्हती, ते ४९ आणि त्यांच्या आधीचे-नंतरचे सगळे असताना झालेली होती. त्यातले बरेच जण मोठ्या घराण्यांतले, उच्चजातीय, मोहल्ल्याशी संबंध मतांपुरता. पिंजारी, बागवान, तांबोळी, मोमीन, छप्परबंद यांच्यातला माणूस त्यात शोधून सापडणार नाही. महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी राहिली ती काही उगाच नाही, आमच्यातही जाती आहेत आणि आमचं प्रतिनिधित्व दुसराच कुणीतरी करतोय हे त्यांनी उघड सांगितलं. बायकांचं तर बोलायलाच नको, २०२४ च्या २४ मध्ये कैरानाच्या इकरा हसन आणि उलुबेरियाच्या साजदा अहमद, एवढ्याच.

पण यातून मुस्लिम खासदार नकोत असा अर्थ काढणं चूक आहे, उलट वेगळ्या प्रकारचे आणि जास्त हवेत असा निघतो. सभागृहात माणूस असण्याने काय फरक पडतो ते वक्फ दुरुस्तीच्या वेळी दिसलं. एप्रिल २०२५ मध्ये लोकसभेत मध्यरात्रीनंतर मतदान झालं, २८८ विरुद्ध २३२. कायद्याबद्दल तुमचं मत काहीही असू द्या, वक्फ बोर्डांत गैरव्यवहार झालेत आणि सुधारणा हवी होती हे मलाही मान्य आहे. पण त्या २८८ मध्ये सत्ताधारी आघाडीकडून उभं राहून आमच्या कबरस्तानांचं, आमच्या दर्ग्याचं असं असं होतं, हे कलम असं नको असं आतल्या बैठकीत सांगणारा लोकसभेतला एकही मुस्लिम खासदार नव्हता. विरोधात बोलणारे होते, पण कायद्याचा मसुदा विरोधी बाकांवर ठरत नाही. शेतकऱ्यांचा कायदा एकही शेतकरी नसलेल्या सभागृहाने केला असता तर आपण काय म्हटलं असतं?

बाकीच्या अल्पसंख्याकांबद्दल थोडक्यात सांगतो. शीख पंजाबात एकवटलेले आहेत, ख्रिश्चन ईशान्येत, केरळात, गोव्यात, त्यामुळे त्यांची माणसं निवडून येतात. आपल्याकडच्या बौद्धांना अनुसूचित जातीच्या जागा आहेत. मुसलमानांचं दुखणं वेगळं आहे, संख्या मोठी पण देशभर विखुरलेली, आणि ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकला या आपल्या पद्धतीत विखुरलेल्या समाजाचा तोटाच होतो. ज्या मतदारसंघांत ते बहुसंख्य आहेत असे देशात जेमतेम पंधराच्या आसपास.

त्यात नकाशाची भर. सच्चर समितीने दाखवलं होतं की उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमध्ये मुस्लिम लोकसंख्या बरीच असलेले काही मतदारसंघ अनुसूचित जातीसाठी राखीव झालेत, आणि दलितांची संख्या त्याहून जास्त असलेले दुसरे खुले राहिलेत. राखीव जागेवर मुसलमान उभा राहू शकत नाही, अगदी दलित मुसलमान पण नाही, कारण अनुसूचित जाती ठरवणाऱ्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात त्याला जागा नाही, शिखांना १९५६ ला आणि बौद्धांना १९९० ला मिळाली ती मुसलमान-ख्रिश्चनांना मिळाली नाही. आणि उलटाही प्रकार होतो, सगळे मुसलमान एकाच मतदारसंघात कोंबायचे. आसाममध्ये २०२३ ला मतदारसंघांची फेररचना झाली आणि २०२४ ला धुबरीत काँग्रेसचे रकीबुल हुसेन १० लाखांहून जास्त मतांनी जिंकले. दहा लाख मतांची आघाडी! तिथले आधीचे खासदार बदरुद्दीन अजमल यांना पाडलं म्हणून कौतुक झालं, ते ठीकच, पण जिंकायला पुरेशी होती त्यापेक्षा दहा लाख मतं जास्त एकाच पेटीत पडली आणि शेजारच्या मतदारसंघांत त्यांचा काही उपयोग झाला नाही असाही त्याचा अर्थ होतो.

यावर स्वतःचा पक्ष काढा हे उत्तर एमआयएमने दिलं. २०१९ ला औरंगाबादमधून इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी जिंकले, अंतुलेंनंतर राज्यातून लोकसभेत गेलेले ते पहिलेच मुस्लिम. पण ते कसं जमलं तेही बघा, प्रकाश आंबेडकरांच्या वंचितबरोबर युती होती, दलित मतं आली, आणि तिकडे हर्षवर्धन जाधवांनी अपक्ष राहून शिवसेनेच्या चंद्रकांत खैरेंची मतं खाल्ली. २०२४ ला युती नव्हती आणि ते पडले. एकट्या समाजाच्या जोरावर औरंगाबाद, मालेगाव, भिवंडी अशा चार-दोन ठिकाणीच दम धरता येतो, आणि तिथेही भाषणं हळूहळू फक्त आपल्याच लोकांसाठी व्हायला लागतात. तरुण पोरं एमआयएमकडे का जातात हे मला पूर्ण समजतं, दुसरीकडे दार बंद असेल तर जाणार कुठे, पण त्या वाटेने गेलं तर वाशिम आणि कागल पुन्हा कधीच होणार नाही.

होऊ शकतं हे २०२४ ला फैजाबादने दाखवलंय. अयोध्या ज्या मतदारसंघात येते तिथे, खुल्या जागेवर, समाजवादी पक्षाने अवधेश प्रसाद या दलित नेत्याला उभं केलं आणि ते जिंकले. दलिताला तिकीट राखीव जागेवरच द्यायचं असतं हा सगळ्या पक्षांचा न लिहिलेला नियम तिथे मोडला आणि काही आभाळ कोसळलं नाही. त्याच पक्षाने चार मुस्लिम उमेदवार दिले आणि चारही आले, हेही खरं, पण चारच का दिले हाही प्रश्न मी विचारणार.

आता पुढे दोन गोष्टी येतायत. जनगणना २०२७ ची ठरलीये, आणि त्यानंतर मतदारसंघांची फेररचना. त्या आयोगापुढे सूचना-हरकतींच्या सुनावण्या होतात, कुठल्या जागा कुणासाठी राखीव करायच्या आणि कुठली हद्द कुठून न्यायची हे तिथेच ठरतं, आणि सच्चर समितीचा तो मुद्दा तिथे जिल्ह्याजिल्ह्याच्या आकड्यांसकट मांडला पाहिजे. पक्षांचे वकील तिथे आपापल्या नेत्यांचे गड वाचवायला बसलेले असतात, म्हणून नागरिकांच्या संघटनांनी तिथे असलंच पाहिजे. दुसरं म्हणजे महिला आरक्षण. २०२३ ला ते लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं, विरोधातले दोघं एमआयएमचे होते, ओबीसी आणि मुस्लिम महिलांना त्यात वेगळी जागा नाही म्हणून. त्यांची मागणी मला मान्य नाही पण त्यांची भीती मान्य आहे, कारण एक तृतीयांश जागा बायकांच्या झाल्या आणि पक्षांनी त्या नेत्यांच्या लेकी-सुनांना वाटल्या तर मुस्लिम बाईचं नाव यादीत आणखीच मागे जाईल. हे रोखायला कायद्यात कोटा लागत नाही, पक्षाने ठरवावं लागतं.

म्हणून माझी मागणी महाविकास आघाडीतल्या तिन्ही पक्षांना आहे, कारण मतं ते मागतात. २०२९ ला महाराष्ट्रात निदान चार मुस्लिम उमेदवार द्या. त्यातले दोन तरी अशा मतदारसंघात द्या जिथे मुस्लिम मतदार दहा टक्क्यांच्याही आत आहेत, आणि चारांत एक बाई असू द्या, एक मुस्लिम ओबीसीतला असू द्या. आणि नाव शेवटच्या रात्री जाहीर करू नका, दोन वर्षं आधी सांगा. त्याला किंवा तिला गावोगाव फिरू द्या, सोसायटीच्या निवडणुकीत पॅनल लावू द्या, दुष्काळात टँकरसाठी तहसीलवर बसू द्या, पक्षाच्या मोठ्या नेत्याने त्या मतदारसंघात दहा सभांना शेजारी उभं राहून सांगू द्या की हा आमचा उमेदवार आहे, याला दिलेलं मत ते मला दिलेलं मत. एवढं करून चारही पडले तर मग निवडून येण्याच्या क्षमतेबद्दल बोलू, तोपर्यंत मालेगावला मत मागायला जाताना यादी बरोबर घेऊन जा.